मिलफर्ड साउंडला कयाक, मे मध्ये जमेल का? (पोहता येत नाही)

खिंडसीवाला:
नमस्कार मंडळी, न्यूझीलंडचं ठरवून राहिलो, दोघंच, मिसेस शाळेत शिकवते म्हणून मोठी सुट्टी मे मध्येच. बाकी काही नाही पाहिलं तरी चालेल पण मिलफर्डला, म्हणजे तिथल्या उंच कड्यांमधल्या समुद्राच्या खाडीत, कयाक (वल्ह्याची छोटी होडी) करायचंच आहे. अनुभव म्हणाल तर रामटेकच्या खिंडसीत बोटिंग, तेही काठ घट्ट पकडून. क्वीन्सटाउनहून सकाळी जाऊन रात्री परत जमतं का? की क्रूझच बरी?

इतवारीकर:
भाऊ, मे म्हणजे तिकडे थंडी सुरू. मे ते नोव्हेंबर त्या रस्त्यावर गाडीत चाकाच्या साखळ्या ठेवाव्याच लागतात आणि हिमकडे कोसळायची भीती असली की रस्ताच बंद. वहिनींना म्हणा एखाद्या वर्षी बिनपगारी रजा टाका, जानेवारी-फेब्रुवारीत जा. क्वीन्सटाउनहून एका बाजूने चार तास गाडी, त्यात पाठ आखडली की वल्हं काय मारणार? वाटेत ‘ते अनाऊ’ नावाचं गाव आहे, तिथे मुक्काम करा, तिथून मिलफर्ड १२० किमी. टाकी तिथेच फुल करा, पुढे रस्त्यात बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही.

धरमपेठची_ताई:
आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. पोहता मलाही येत नाही हो. दोघांची कयाक रुंद असते, सहजासहजी उलटत नाही, मागचा माणूस पायाने सुकाणू फिरवतो (आमच्याकडे मागे मीच बसले, नाहीतर हे थेट कड्यावर नेऊन आपटले असते). पण पोहता येत नाही हे बुकिंग करतानाच सांगा, लपवू नका. जीन्स आणि सुती टी-शर्ट अजिबात नको, ओलं झालं की वाळत नाही न् कुडकुडायला होतं. स्लॉट सकाळचाच घ्या, दुपारी समुद्राकडून वारा सुटतो.

आणि पाऊस आला म्हणून रडू नका! आपल्याकडे वर्षाला हजार-अकराशे मिमी पडतो, तिथे सहा हजाराच्या वर. बारमाही मोठे धबधबे दोनच, बोवेन आणि स्टर्लिंग, बाकी सगळे पावसाने जन्मतात. आदल्या रात्री धो धो पडला होता, सकाळी पाहते तर प्रत्येक कड्यावरून पांढऱ्या दोऱ्या लोंबकळताहेत. स्टर्लिंग दीडशे मीटरवरून पडतो, जवळ गेलं की बोललेलं ऐकू येत नाही, नुसते तुषार. क्रूझवरून हे दिसतं, पण मान वर करून त्या पाण्याच्या पातळीवर बसणं वेगळंच. वरचं पाणी कोऱ्या चहासारखं, जंगलातून पानांचा रंग घेऊन येतं आणि खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. खाली त्यामुळे इतका अंधार की खोल समुद्रातलं काळं पोवळं तिथे उथळातच वाढतं.

खिंडसीवाला:
ताई, पटलं. रजेचं घरी बोलतो आज, बघू. डासांचं काय? अंबाझरीची सवय आहे आपल्याला.

इतवारीकर:
हाव, सवय! ती सँडफ्लाय आहे भाऊ, चावणारी बारीक माशी, डास नाही. तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या कथेत तर जागा इतकी सुंदर झाली की माणसं तिथून हलणार नाहीत म्हणून देवीनेच त्या सोडल्या. वल्हं मारताना फारशा चावत नाहीत, काठावर फोटोला उभे राहिलात की संपलं.

धरमपेठची_ताई:
माझे घोटे आठ दिवस सुजले होते. मोजे लांब घ्या.