प्रेशर वॉशर घेताना बारपेक्षा पाणी कुठून येतं ते बघा
जोरदार धारेने धुणारं हे मशीन जास्त बारचं (बार म्हणजे दाबाचं माप) घेतलं की काम झालं, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. गाडी आणि अंगणासाठी 100-120 बार भरपूर झाले, अडतं ते पाण्यावर. आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी, नळाला जोर नाही. पहिल्या दिवशी मशीन नुसतं घरघरलं, धार तुटक. कमी दाबावर किंवा बादलीतून चालवायचं असेल तर सेल्फ प्रायमिंग, म्हणजे स्वतःच पाणी ओढून घेणारं मॉडेलच घ्या. आणि स्विच लावण्याआधी गन दाबून पाइपातली हवा काढायचीच, नाहीतर पंप कोरडा फिरून सील जातात.

शिवाय जांभ्याच्या गडग्यावरचं (दगडी कुंपणावरचं) शेवाळ काढताना बारीक धारेचं नोझल जवळ नेऊ नका. आमच्या गडग्याला खाचा पडल्यात, त्या आता बुजणार नाहीत. पसरट धार आणि हातभर अंतर पुरतं.