परीकथांच्या नायिका कशा बदलल्या: शिबिरात कोणते प्रसंग दाखवावेत?

खारावारा (दापोली): मे महिन्यात वाचनालयाच्या शिबिरात पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी दीड तासाचं सत्र आहे. विषय: अ‍ॅनिमेशनपटांतल्या परीकथांच्या नायिका. पूर्ण सिनेमा शक्य नाही, चार-पाच तुकडे जमतील. ‘आधी बिचाऱ्या होत्या, आता शूर झाल्या’ एवढंच सांगून मोकळं व्हायचं नाहीये. मुलांना नेमकं काय बघायला सांगावं?

रीळवाला (मालवण): एकच प्रश्न धरा: शेवटचा घाव कोण घालतं? ‘स्नो व्हाइट’मध्ये (१९३७) राणी कड्यावरून पडते ती वीज कोसळल्यामुळे, नायिका तोवर सफरचंद खाऊन निपचित. ‘स्लीपिंग ब्यूटी’त (१९५९) तलवार राजपुत्र फेकतो, पण ती पऱ्यांनी मंतरलेली असते. ‘लिटल मर्मेड’मध्ये (१९८९) फुटक्या जहाजाचं टोक समुद्रचेटकीण उर्सुलाच्या पोटात घुसवतो तो राजपुत्र एरिक. ‘टँगल्ड’मध्ये (२०१०) रपुंझेलचे जादूचे केस कापतो तिचा साथीदार फ्लिन, तेही तिला न विचारता, आणि त्यामुळेच खलनायिका संपते. मग ‘फ्रोझन’ (२०१३) लावा. तिला वाचवू शकेल असा क्रिस्टॉफ समोरून धावत येत असताना नायिका अ‍ॅना वळते आणि बहिणीवर उगारलेल्या तलवारीच्या आड उभी राहते. तिथे पॉज करा. आपल्याकडची मुलं जत्रेत दशावतारातलं युद्ध बघतच मोठी होतात, त्यांना हा प्रश्न फोडून सांगावा लागणार नाही.

पागोळी (वेंगुर्ले): यादी चांगली आहे, पण ‘सिंड्रेला’ (१९५०) गाळून चालणार नाही. शेवटची पाच मिनिटं बघा. सावत्र आई काठी आडवी घालून सेवकाला पाडते, काचेचा बूट फुटतो, सगळ्यांचे चेहरे उतरतात. आणि सिंड्रेला शांतपणे दुसरा बूट काढून पुढे करते. बिचारी म्हणायची, तर हा बूट कुठे ठेवायचा?

दुसरं, बोलतं कोण तेही मोजा. कार्मेन फॉट आणि कॅरेन आयझेनहावर या भाषाशास्त्रज्ञांच्या मोजणीत ‘स्लीपिंग ब्यूटी’तलं ७१ टक्के बोलणं बायकांचं निघालं, तर ‘लिटल मर्मेड’मधलं ६८ टक्के पुरुषांचं. ‘स्लीपिंग ब्यूटी’ची नायिका ऑरोरा स्वतः फारच कमी बोलते, पण तीन पऱ्या आणि दुष्ट मॅलेफिसेंट पडदा भरून टाकतात. उलट ‘लिटल मर्मेड’मधली एरिएल बंडखोर, पण तिचा आवाजच गहाण पडतो आणि भोवती खेकडा, मासा, समुद्रपक्षी, स्वयंपाकी सगळे पुरुषच.

मुलांकडून करून घ्यायचं तर वहीत बायका आणि पुरुष असे दोन रकाने आखा आणि प्रत्येक संवादाला एक रेघ मारायला सांगा. तीन मिनिटांचा तुकडा पुरे. या मोजणीसाठी गाणं असलेला प्रसंग घेऊ नका, एक कडवं म्हणजे किती रेघा यावरून भांडणं होतात. हिंदी डब चालेल.

खारावारा: मग एरिएलला पुढे धरायचं की मागे?

रीळवाला: तिच्याआधी डॅनिश लेखक अँडरसनची जलपरीची मूळ गोष्ट (१८३७) तोंडी सांगा, क्लिप नको. बहिणी आपले केस देऊन चेटकिणीकडून सुरी आणतात: राजपुत्राला मार, म्हणजे तू वाचशील. जलपरी सुरी समुद्रात फेकते आणि स्वतः उडी घेऊन फेस होते. म्हणजे १८३७मध्ये शेवटचा निर्णय तिचा होता, १९८९मध्ये तो एरिककडे गेला. सरळ चढत जाणारी रेघ इथेच मोडते.

पागोळी: पाचवीच्या मुलांना ‘स्नो व्हाइट’चा जंगलातून पळण्याचा भाग नको, झाडांचे हात बघून लहानगी घाबरतात. विहिरीपाशी ती गाते तो घ्या. ‘मोआना’ (२०१६) दाखवणार असाल तर ती परीकथा नव्हे, पॉलिनेशियन दंतकथांवरून नव्याने रचलेली कथा आहे, हे सांगून टाका. आणि पडवीत प्रोजेक्टर लावणार असाल तर सातपर्यंत पडद्यावर काहीच धड दिसणार नाही. आधी गोष्ट आणि वह्या उरका, क्लिप्स नंतर. त्या लॅपटॉपवर उतरवून ठेवा, मेमध्ये विजेचा भरवसा नाही.