सौर पॅनेलचे अनुदान की कार्बन कर? गणित तपासून हवे आहे

नमस्कार.

मुलुंडला आमची 28 सदनिकांची गृहनिर्माण संस्था आहे आणि मी तिचा सचिव आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांसाठी गच्चीवर 10 किलोवॉटची सौर यंत्रणा बसवावी, असा प्रस्ताव मी गेल्या महिन्यात सर्वसाधारण सभेत मांडला. पंतप्रधान सूर्यघर योजनेत संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे आम्हाला 1,80,000 रुपये मिळतील, असे मी सांगितले. त्यावर तळमजल्यावरच्या काकूंनी विचारले, "माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी भांडुपला चाळीत राहतात. त्यांना स्वतःची गच्ची नाही, म्हणून हे अनुदानही नाही. मग आपल्या या पैशात त्यांचा पैसा आहे की नाही?" मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून असे अनुदान बरे की कार्बन कर, म्हणजे जितका कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो त्या प्रमाणात लावलेला कर, यावर मी वाचतो आहे, आणि जिथे अडलो आहे तिथे जाणकारांची मदत हवी आहे.

आधी अनुदानाचे गणित. एक किलोवॉटमागे वर्षाला साधारण 1,400 युनिट धरले, तर आमच्या गच्चीवर 14,000 युनिट वीज तयार होईल. ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, असे धरल्यास वर्षाला जवळपास 10 टन आणि पॅनेलच्या 25 वर्षांच्या आयुष्यात 250 टन वाचतो. म्हणजे सरकारला एक टन 720 रुपयांना पडतो. स्वतंत्र घराला 3 किलोवॉटसाठी 78,000 रुपये मिळतात. तिथे हाच हिशेब टनाला हजाराच्या थोडा वर जातो. पण आमच्या सभेतले निम्मे सभासद म्हणाले की अनुदान नसते तरी वीजबिल वाचते म्हणून पॅनेल बसवलेच असते. असे असेल तर त्या पैशाने वाचलेला कार्बन शून्य धरायचा का? हा माझा पहिला प्रश्न आहे.

आता कराची बाजू. आपल्याकडे 2010 पासून कोळशावर टनाला 50 रुपये उपकर होता, तो वाढत 2016 मध्ये 400 रुपयांवर गेला. एक युनिट विजेला साधारण 650 ग्रॅम कोळसा लागतो असे धरले तर हा भार युनिटमागे 26 पैसे होतो. 2017 मध्ये जीएसटी आल्यावर हा पैसा स्वच्छ ऊर्जेऐवजी राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळला, आणि सप्टेंबर 2025 मध्ये उपकर काढून कोळशावरचा जीएसटी 5 टक्क्यांवरून 18 टक्के करण्यात आला. मला यातली एक गोष्ट खटकते. उपकर वजनावर होता, आताचा कर किमतीवर आहे. त्यामुळे स्वस्त आणि हलक्या प्रतीच्या कोळशावर टनामागे कमी कर बसतो, आणि तेवढीच उष्णता मिळवायला तो कोळसा जास्त जाळावा लागतो. याला कार्बनची किंमत म्हणता येईल का?

काकूंच्या प्रश्नाकडे परत येतो. समजा कार्बन डायऑक्साइडच्या टनाला 1,000 रुपये कार्बन कर लावला, तर वीज युनिटमागे 70 पैशांनी महागेल. मावशींचे महिन्याला 80 युनिट होतात, त्यांना 56 रुपये जास्त पडतील; माझे 350 होतात, मला 245. हा पैसा दोन्ही घरांना सारखा वाटून परत दिला, तर प्रत्येकी सुमारे 150 रुपये येतात आणि मावशी 94 रुपयांनी फायद्यात राहतात, शिवाय एसी कमी वापरण्याचे कारण मला रोज समोर दिसते. अनुदानात असे कारण कोणालाच मिळत नाही; उलट पॅनेल बसवल्यावर वीज फुकटच आहे म्हणून लोक दिवे चालू ठेवतील, ही भीती मला आहे. मात्र पीठ, भाजी, बसभाडे यांतून मावशींवर येणारा बोजा या हिशेबात धरलेला नाही, आणि तो कसा धरायचा हे मला कळत नाही.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने 2008 मध्ये टनाला 10 डॉलरपासून असा कर सुरू केला आणि पैसा मुख्यतः इतर करांत सवलत देऊन परत केला. मावशी आयकर भरतच नाहीत, त्यामुळे ती वाट इथे चालणार नाही. लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये मात्र थेट खात्यात येतात, तेव्हा वाट अगदीच नाही असेही नाही. तरीही ब्रिटिश कोलंबियाला तो ग्राहक कर 2025 मध्ये बंद करावा लागला, आणि फ्रान्समध्ये 2018 साली इंधनावरच्या करवाढीवरून लोक रस्त्यावर उतरले. पैसा परत मिळतो यावर लोकांचा विश्वास कशाने बसतो, याचा कोणाचा अभ्यास असेल तर कृपया सविस्तर लिहावे.

पुढची सभा महिनाअखेरीस आहे. अनुदानाचा अर्ज मी भरणारच आहे, कारण गच्ची रिकामी ठेवून मावशींना काही मिळत नाही. पण काकूंना सांगायचे उत्तर खरे असावे, म्हणून वरचा एखादा आकडा किंवा गृहीतक चुकले असेल तर संकोच न करता दाखवून द्यावे.