पक्षाची यादी बघून प्रॉपवर मत द्यावं का? (कॅलिफोर्निया)

सनीवेलकर (धागाकर्ता)
कॅलिफोर्नियात टपालाने मतपत्रिका आली की पाठोपाठ पक्षाची यादी येते: अमुक प्रॉपला (प्रपोझिशन, म्हणजे मतदारांनी थेट हो-नाही मत द्यायचा राज्याचा प्रस्ताव) हो, तमुकला नाही. आपल्यातले बरेच जण ती शेजारी ठेवून गोल काळे करत जातात. उमेदवारांसाठी ठीक आहे, प्रॉपसाठी मला हे पटत नाही.

२०२० चं बघा. राज्यात बायडन यांना ६३ टक्क्यांवर मतं. त्याच मतपत्रिकेवर १२ प्रॉप. डेमोक्रॅटिक पक्षाने ११ वर शिफारस केली आणि खासगी माहितीच्या प्रॉप २४ वर मौन पाळलं. मतदारांनी पक्षाचं ऐकलं चार ठिकाणी: १४, १७, १९, २०. बाकी १५, १६, १८, २१, २२, २३, २५ या सातही ठिकाणी कौल उलटा. पक्षाचेच मतदार यादी गुंडाळून ठेवतात, मग आपणच तिला एवढं का धरून बसायचं?

तळटीप
निकाल उलटा लागला म्हणून शिफारस चुकली, हे कुठलं गणित? प्रॉप २२ घ्या. उबर, लिफ्ट, डोअरडॅश, इन्स्टाकार्ट वगैरेंनी मिळून २० कोटी डॉलरच्या वर ओतले आणि जवळपास ५९ टक्के मतं मिळवली. मजकूर काय होता? चालक हा कर्मचारी नाही, कंत्राटदार. त्याला किमान वेतनाच्या १२० टक्क्यांची हमी, पण फेरी स्वीकारल्यापासून ती संपेपर्यंतच्याच वेळेची. पुढच्या फेरीची वाट बघत गाडीत काढलेला तास हिशेबात नाही. वर मेख अशी की विधिमंडळाला यात दुरुस्ती करायची तर सात-अष्टमांश मतं हवीत. जाहिरातीत हे कोण सांगणार? पक्षाच्या ‘नाही’मागे कामगार संघटनांनी तो मजकूर बारकाईने वाचलेला होता.

सनीवेलकर
कामगार संघटना, बरोबर. माझी शंका तिथेच आहे. प्रॉप २३ मध्ये डायलिसिस केंद्रात डॉक्टर हजर हवा अशी अट होती. प्रस्ताव आणला आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनेने, त्याच केंद्रांशी तिचं संघटना बांधणीवरून वाजलेलं. पक्षाने ‘हो’ म्हटलं, ६३ टक्के मतदारांनी ‘नाही’. डायलिसिसचा विषय २०१८, २०२०, २०२२ असा तीनदा मतपत्रिकेवर आला आणि तिन्ही वेळा पडला. इथे पक्षाने रुग्णाचा विचार केला की मित्रसंघटनेचा, हे यादीतल्या एका शब्दावरून कसं कळणार?

उलटतपासणी
दोघांनी प्रॉप २५ सोडला, तो सगळ्यात फसवा. जामिनासाठी रोख रक्कम भरण्याची पद्धत बंद करणारा कायदा २०१८ मध्ये झाला. जामीनदारीचा धंदा करणाऱ्यांनी सह्या गोळा करून तो सार्वमताला लावला. अशा सार्वमतात ‘हो’ म्हणजे झालेला कायदा राहू दे आणि ‘नाही’ म्हणजे रद्द कर. सह्या कायद्याच्या विरोधात, पण विरोधकाने खूण करायची ‘नाही’वर. इथे गफलत होतेच. पक्षाची शिफारस ‘हो’ होती, म्हणजे निदान दिशा तरी कळत होती. मात्र रोख जामिनाला विरोध असणाऱ्यांतलेच काही जण या कायद्याच्याही विरोधात होते, कारण बदली म्हणून आणलेली धोका मोजायची गणिती पद्धत गरीब आणि कृष्णवर्णीय आरोपींवर अन्याय करील अशी त्यांना भीती होती. हे मतभेद एकशब्दी यादीत मावत नाहीत.

मांडवीकाठी
पक्ष आवडता, सल्ला नावडता, हे आपल्याकडेही झालंय. १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल. सत्ताधारी मगो पक्ष म्हणत होता महाराष्ट्रात विलीनीकरण, खूण फूल. विरोधी बाजूची खूण दोन पानं. फुलाला १,३८,१७०, दोन पानांना १,७२,१९१. आणि दोनच महिन्यांनी विधानसभेला लोकांनी पुन्हा मगोलाच निवडलं, बांदोडकर परत मुख्यमंत्री! मतदाराला दोन प्रश्न वेगळे ठेवता येतात.

तळटीप
गोव्याचं उदाहरण गोड आहे, पण लागू पडत नाही. तिथे प्रश्न एकच होता आणि वर्षानुवर्षं घराघरात चघळलेला. इथे १२ प्रश्न, त्यात रोख्यांपासून रक्तशुद्धीपर्यंत सगळं. नोकरी करणारा माणूस एवढं वाचणार कधी? प्रॉपपुढे मतपत्रिकेवर पक्षाचं नाव छापत नाहीत. मग यादीशिवाय उरतात त्या जाहिरातीच.

उलटतपासणी
सगळं वाचायची गरज नाही. राज्याची मतदार पुस्तिका येते, ती हिंदीतही मागवता येते (मराठीत नाही, तेवढं सोसा). प्रत्येक प्रॉपला दोन गोष्टी बघायच्या. ‘हो’ म्हणजे काय आणि ‘नाही’ म्हणजे काय, ही चौकट. मग विधिमंडळाच्या तटस्थ विश्लेषकाचा खर्चाचा अंदाज. पैसे कोणी दिले हे राज्य सचिवांच्या संकेतस्थळावर मिळतं. यादी त्यानंतर उघडायची आणि आपलं मत जिथे जुळत नाही तेवढेच प्रॉप पुन्हा वाचायचे. २०२० च्या यादीवर असे फार तर तीनचार निघाले असते.

आणखी एक. टपालात येणारी प्रत्येक ‘यादी’ पक्षाची नसते. व्यावसायिक लोक पक्षासारखी दिसणारी पत्रकं छापतात. कायद्याने त्यांवर ‘हे अधिकृत पक्ष संघटनेचं नाही’ अशी सूचना असावी लागते आणि पैसे देऊन जागा घेतलेल्या नावापुढे किंवा प्रॉपपुढे चांदणी (*). चांदणी दिसली की ती जाहिरात समजा.

सनीवेलकर
चांदणीचा मुद्दा मान्य. यादी शेवटी उघडायची, तर माझी हरकत नाही. माझं भांडण ती पहिल्यांदा उघडण्याशी आहे.

तळटीप
आणि माझं भांडण जाहिरात पहिल्यांदा बघण्याशी. २०२४ च्या प्रॉप ३६ ला, म्हणजे चोरी आणि अमली पदार्थांच्या शिक्षा वाढवण्याला, गव्हर्नर न्यूसम यांचा विरोध होता, तर सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन होजेचे डेमोक्रॅट महापौर बाजूने. एकाच पक्षाचे दोन सल्ले. तिथे मात्र पुस्तिकाच उघडावी लागते, कबूल.

मांडवीकाठी
एखादा प्रॉप समजलाच नाही तर?

उलटतपासणी
कोरा सोडा. बाकीची मतं तशीच मोजली जातात, मतपत्रिका बाद होत नाही.