टोकियो ते लॉस एंजेलिस, नक्की किती तास? मदत हवी आहे

वाटसरू : जरा घाईत आहे. टोकियोहून ५ ला निघून लॉस एंजेलिसला त्याच दिवशी ११ ला पोहोचणार. परतताना १ ला निघून दुसऱ्या दिवशी साडेचारला. खरे तास किती? अंतरही एकीकडे ८,७५० दिसतंय, दुसरीकडे ४,७२५. कुठलं धरायचं?

निळाई : ५ सकाळचे की संध्याकाळचे? महिना कोणता? विमान थेट आहे का?

वाटसरू : संध्याकाळचे ५, सकाळचे ११. परतीचे दोन्ही दुपारचे. जुलै. थेटच.

भटक्या : मी सांगेन, होनोलुलूला थांबा घ्या. इतके तास सलग बसून पाय सुजतात.

वाटसरू : थांबा नकोय हो, तास हवेत.

दुर्बीण : ४,७२५ हे सागरी मैल. १.८५२ ने गुणा, ८,७५० किमीच येतात. जुलैत टोकियो १६ तास पुढे असतं, हिवाळ्यात १७. सगळं टोकियोच्या घड्याळात मोजा. तिथले सकाळचे ११ म्हणजे टोकियोत पहाटेचे ३, म्हणून जाताना १० तास. परतीला दुपारचा १ म्हणजे टोकियोत पहाटेचे ५. तिथून साडेचारपर्यंत साडेअकरा तास.

वाटसरू : अंतर तेच, मग दीड तास कुठून वाढला?

भटक्या : पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना, म्हणून.

दुर्बीण : नाही हो, हवाही तिच्याबरोबरच फिरते. कारण आहे जेट स्ट्रीम. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा. हिवाळ्यात जपानवर तो कधीकधी ताशी ३०० किमीच्या वर जातो, उन्हाळ्यात बराच मंदावतो. जाताना पाठीमागून ढकलतो, येताना समोरून अडवतो. म्हणून परतीची विमानं बरेचदा उत्तरेला अल्यूशियन बेटांकडून वळसा घेतात. किलोमीटर वाढतात, पण वेळ वाचतो.

भटक्या : पण तो वारा पूर्वेकडे वळतो तो पृथ्वी फिरते म्हणूनच ना?

दुर्बीण : ते खरं. पण विमानाखालून जमीन सरकते आणि अंतर घटतं, असं काही होत नाही.

निळाई : वेळापत्रकातल्या तासांत धावपट्टीपर्यंत जाणं-येणंही धरलेलं असतं. हवेतला वेळ त्याहून कमी. पण इतकं काटेकोर कशाला हवंय?

वाटसरू : बाबांची गोळी दर ८ तासांनी असते. सकाळी ६, दुपारी २, रात्री १०.

निळाई : अहो, हे आधी सांगायचं ना! मग सोपं आहे. फरक १६ तासांचा, म्हणजे बरोबर दोन गोळ्यांचा. रात्री १० ची गोळी विमानातच, निघाल्यावर ५ तासांनी. पुढची टोकियोच्या सकाळी ६ ला, तेव्हा तिथे दुपारचे २ वाजलेले असतील. म्हणजे तिथेही ६, २, १० याच वेळा. विमान उशिरा सुटलं तरी घड्याळ टोकियोचंच बघा. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या आणि गोळ्या हातातल्या बॅगेतच ठेवा.

वाटसरू : हेच हवं होतं. मनापासून आभार.

भटक्या : बाबांना सीट मात्र खिडकीची नको, कडेच्या वाटेजवळची घ्या. मधूनमधून उठून चालता येईल.