मिसिसागात (कॅनडा) शुगर मेपल लावायचंय

अंगणवेडा: समोरच्या अंगणात शुगर मेपलचं झाड लावतोय. कुंडीतलं रोप 5 फुटी आहे. खड्डा किती खोल घेऊ? तळाशी कंपोस्ट भरू का?

सुमनताई: खोल अजिबात नको! मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, रुंद मात्र दुप्पट-तिप्पट. बुंधा जिथे पसरून मुळांना मिळतो, तो भाग मातीच्या वर दिसलाच पाहिजे. कुंडीत गोल फिरलेली मुळं आधी कापा, नाहीतर तीच पुढे खोडाला आवळतात. काढलेलीच माती परत घाला, कंपोस्ट फक्त वरून. त्यावर 2-3 इंच वूडचिप्स (लाकडाचे बारीक तुकडे), पण खोडाला टेकवू नका, झाड सडतं. पहिली दोन वर्षं पावसाने ओढ दिली की आठवड्यातून एकदा सावकाश, भरपूर पाणी.

रानवारा: रस्ता किती जवळ आहे? हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ शुगर मेपलला सोसत नाही.

अंगणवेडा: अगदी लागूनच. मग मागे लावू?

सुमनताई: हो, मागेच लावा, घरापासून 25 फूट तरी लांब. थंडीआधी खोडाभोवती जाळी लावा, ससे साल कुरतडतात. आणि नर्सरीत नॉर्वे मेपल (युरोपातली मेपलची जात) दाखवलं तर कृपा करून घेऊ नका, ते इथल्या रानात पसरून देशी झाडांना हटवतं.