थुंब्याचं अंतराळ संग्रहालय: अंध मुलगी आणि व्हीलचेअरवरचे आजोबा, कसं जमवायचं?

वर्षा, मानेवाडा
नमस्कार. माझी मुलगी दहा वर्षांची, जन्मापासून पूर्ण अंध. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरलं तेव्हापासून तिच्या डोक्यात रॉकेटच आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला तिरुवनंतपुरमजवळचं थुंब्याचं संग्रहालय दाखवायचा विचार आहे. सोबत सासरे, त्यांना अर्धांगानंतर व्हीलचेअर लागते. नातेवाईक म्हणतात, "तिला दिसत नाही, एवढ्या लांब नेऊन काय दाखवणार?" हे मला पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही. ती रोज विचारते, रॉकेट केवढं असतं? "बिल्डिंगएवढं" म्हटलं की गप्प होते. कोणाला अनुभव असेल तर सांगा ना.

प्रशांत, प्रतापनगर
ताई, आधी आपल्या नागपुरातलं, गांधीसागर तलावाजवळचं रमण विज्ञान केंद्र करून पाहा. १९९२ पासून आहे, आणि तिथली बरीच उपकरणं हाताळायलाच ठेवलेली आहेत. शाळांच्या सहलींचा वार टाळा. तारांगणाचा खेळ मात्र डोळ्यांचा आहे, तिथे पोरगी कंटाळेल.

अरविंद, धंतोली
वर्षाताई, मी स्वतः अंध आहे, बँकेत नोकरी करतो, आणि रॉकेटचा नाद मला लहानपणापासून. तिला जरूर न्या.

आमच्यासारख्यांना संग्रहालयात पायऱ्यांपेक्षा काच जास्त अडवते. वस्तू काचेआड, माहिती पाटीवर. आणि मोठं रॉकेट हाताला लागलं तरी एका वेळी वीतभरच कळतं. एका ठिकाणी मी खऱ्या आकाराच्या प्रतिकृतीजवळ उभा होतो आणि तिथला माणूस माझ्या बायकोला विचारत होता, "यांना काय सांगू?" शेवटी हात लावू दिला, तर हाताखाली नुसता गार, वळलेला पत्रा. अख्खी आकृती मनात आधीपासून होती, म्हणून त्या पत्र्याला अर्थ आला. तेव्हा निघायच्या आधी पोरीच्या हातांना माप द्या.

हार्डवेअरच्या दुकानातून ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप हातभर कापून आणा. २० नोव्हेंबर १९६७ ला थुंब्याहून उडालेलं भारतीय बनावटीचं पहिलं रॉकेट, रोहिणी-७५, एवढ्याच व्यासाचं होतं. खरी जाडी, लहान केलेली नाही! नंतरचं रोहिणी-२०० म्हणजे २०० मिलिमीटर. त्या मापाचा तुकडा मिळाला तर तोही घ्या.

मग मोठी रॉकेटं शंभर पट लहान करून पुठ्ठ्याच्या नळ्यांची बनवा. पीएसएलव्ही ४४ मीटर उंच, २.८ मीटर जाड, म्हणजे तुमची नळी ४४ सेंटिमीटर उंच आणि २.८ सेंटिमीटर जाड. चंद्रयान-३ नेणारं एलव्हीएम-३ हे ४३.५ मीटर, उंची जवळपास तेवढीच. पण त्याची मधली नळी ४ सेंटिमीटरची, आणि दोन्ही बाजूंना ३.२ सेंटिमीटरच्या दोन जाड नळ्या, प्रत्येक २५ सेंटिमीटर लांब. पीएसएलव्हीचं वजन ३२० टन आणि एलव्हीएम-३ चं ६४० टन का, हे तिला हातानेच कळेल. शेजारी सव्वा सेंटिमीटरचा मेणाचा मणी ठेवा आणि सांगा, ही तू.

"बिल्डिंगएवढं" म्हणून भागणार नाही ताई, बिल्डिंग एका नजरेत पाहण्याची सोय तिला नाही. तिला जिना चढवा. मजला तीन मीटरचा धरला तर पीएसएलव्हीला चौदा मजल्यांहून थोडं जास्तच लागतं. चार मजले चढून दम लागला की उरलेला हिशोब ती स्वतःच करेल.

थुंब्याला तर संग्रहालयाची इमारतच एक गोष्ट आहे. ते सेंट मेरी मॅग्डलीन चर्च. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जिथे जमिनीला समांतर असतं ती रेषा, तिथून जवळ जातं म्हणून विक्रम साराभाईंना ती जागा हवी होती, आणि बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी गावकऱ्यांना विचारून ती दिली. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं, अमेरिकेचं नायकी-अपाची. त्या काळात रॉकेटचे भाग सायकलवरून नेत. हे सगळं घरी सांगून ठेवा, म्हणजे आत पाऊल टाकताना आपण कुठे उभे आहोत हे तिला ठाऊक असेल.

फोन कराल तेव्हा "अंधांसाठी सोय आहे का" असं विचारू नका, "आहे" म्हणून मोकळे होतात. कोणत्या वस्तूंना हात लावू देतील, तासभर सोबत बोलणारं कोणी मिळेल का, गर्दी कमी असते तो वार कोणता, हे विचारा. आणि पोहोचल्यावर त्यांना सांगा, माझ्याशी नाही, तिच्याशी बोला.

प्रशांतभाऊंचं तारांगणाबद्दलचं बरोबर आहे. त्यावर उपाय म्हणजे नासाने आपल्या अंतराळातल्या 'चंद्रा' नावाच्या दुर्बिणीच्या माहितीचं आवाजात रूपांतर करून केलेले ध्वनी. आकाशगंगेच्या केंद्राचा ध्वनी २०२० मध्ये आला, इंटरनेटवर फुकट ऐकता येतो. हेडफोन लावून ऐकवा.

मेघा, फिजिओथेरपिस्ट
आजोबांसाठी: नुसतं "रॅम्प आहे का" विचारू नका, उतार किती ते विचारा. एकास बारा हवा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. त्याहून उभा असेल तर उतरताना खुर्ची उलटी फिरवून मागे मागे घ्या. दारांची रुंदीही विचारा, आणि आपली खुर्ची चाकांच्या कडेपासून कडेपर्यंत मोजून ठेवा. व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी कळलं पाहिजे. नाहीतर पेशंट पाणीच पीत नाहीत, हे मी फार पाहते.

प्रशांत, प्रतापनगर
केरळ एक्स्प्रेस नागपूरहून थेट तिरुवनंतपुरमला जाते, पण प्रवास दीड दिवसाच्या आसपास. आजोबांना खालचा बर्थच घ्या. पूर्ण अंध प्रवाशाला आणि सोबतच्या एकाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र काढून ठेवा. सगळ्यांची मूळ ओळखपत्रं जवळ असू द्या, अवकाश केंद्राच्या दारात ती लागतात.

वर्षा, मानेवाडा
खूप आभार सगळ्यांचे. पाइप आणला, ती झोपतानाही सोडत नाहीये. पुठ्ठ्याच्या नळ्या आज करतोय. अरविंददादा, वरच्या टोकाला साधा कागदाचा शंकू चालेल ना?

अरविंद, धंतोली
शंकू करा, पण नळीच्याच मापाचा नको. पीएसएलव्हीचं डोकं अंगापेक्षा जाड असतं, ३.२ मीटर, कारण उपग्रह त्यात बसवतात. एलव्हीएम-३ चं तर ५ मीटर. त्यामुळे आधी तेवढ्या जाडीचं टोपण, मग वर निमुळतं, आणि शेंडा बोथट ठेवा. टोपण निघेल असं करा, आत काय आहे ते ती विचारणारच.